परिचारिकेचे शिक्षण : खर्च आणि मिळकत

बारावीचा निकाल लागला, की जळगाव-धुळ्याकडील पालक आम्हास विचारतात : मुलीस नर्सिंगला घालावे काय? आधी हिशोब मांडावा, असे आम्ही सुचवितो.

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. समजा, खासगी महाविद्यालयाची फी, खानावळ, गणवेश धरून पाच लाख रुपये लागले. वीस हजारांच्या नोकरीतून दरमहा आठ हजार शिल्लक राहिले, तरी व्याज न धरताही मुद्दल फिटण्यास पाच वर्षांहून अधिक काळ जातो. वीस हजार हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांसाठी हेच किमान वेतन सुचविले होते. अनेक ठिकाणी तेही हाती पडत नाही. शासकीय अधिपरिचारिकेचे मूळ वेतन मात्र 35,400 रुपयांपासून सुरू होते, भत्ते निराळे. पण जागा थोड्या.

मिळकत आपल्या हाती नाही, खर्च काहीसा आहे. सीईटी देऊन केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतल्यास, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांस भारत सरकार शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. दलालामार्फत व्यवस्थापन कोट्यात जागा घेतली, की शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. दागिने मोडून घेतलेली ही जागा सर्वांत महाग पडते!

जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. त्यासाठी लागणारा प्रवेश-निर्गम उतारा शाळेच्या कार्यालयातून मिळतो.