कापणीची वेळ ठरवते बडीशेप

जेवणानंतर तोंडात टाकायची हिरवी, बारीक लखनवी बडीशेप आणि मसाल्याच्या डब्यातली जाड, पिवळसर बडीशेप यांत वाणाचा फरक असतोच, पण कापणीच्या वेळेचाही मोठा असतो. गच्चीवर चार रोपं लावली की तो डोळ्यांदेखत कळतो.

पेरणी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. सोटमूळ खोल जातं, म्हणून कुंडी निदान फूटभर खोल हवी आणि बी तिथेच टोचायचं; उपटून दुसरीकडे लावलेलं रोप रुसतं. आधी गवतासारखी दोन लांबट पानं येतात, मग झुपकेदार पाला. तो थेट शेपूसारखा दिसतो. ओळखायचा असेल तर चुरगळून वास घ्यावा. शेपूचा उग्र, हिचा गोड. हा गोडवा अ‍ॅनेथॉल नावाच्या द्रव्याचा. चक्रीफुलातही तेच असतं.

थंडी सरता सरता पिवळ्या फुलांच्या छत्र्या उमलतात आणि मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. पाठोपाठ देठांवर मावाही येतो. मी सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन टाकतो. औषध मारत नाही, कारण दाणे कच्चेच खायचे असतात.

मधली छत्री आधी पिकते, बाजूच्या मागून. त्यामुळे तोडणी एकदम करता येत नाही. फुलल्यावर महिना-सव्वा महिन्याने दाणे अर्धे भरतात, हिरवेगार आणि कोवळे असतात. मुखशुद्धीसाठी तेव्हाच तोडायचे आणि सुती कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवायचे. उन्हात रंग उडतो, वासही विरतो. मसाल्यासाठी मात्र दाणा पूर्ण भरून पिवळसर होऊ द्यायचा. बियाण्यासाठी एखादी छत्री झाडावरच वाळवावी.

कोवळा पाला थालीपिठात किंवा भज्यांत चिरून घालावा. जून दाणे मालवणी मसाल्यात, लोणच्यात जातात. मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजावेत, करपले की कडवटतात. उन्हाळ्यात भिजवलेली बडीशेप खडीसाखरेबरोबर वाटून गाळली की सरबत तयार.

चार कुंड्यांत वर्षाची बेगमी होत नाही, बरणीचा तळ झाकला तरी पुष्कळ. पण घरच्या सावलीत वाळलेले दाणे एकदा चघळून बघा. मग दुकानात बडीशेप घेताना आधी रंग बघाल, वास घ्याल आणि भाव शेवटी विचाराल.