रोशाचे तेल आणि आतड्याचा दाह

खानदेशात माझ्या आजोळच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता पुरुषभर उंचीचे एक गवत फुलते. त्याचे तुरे हळूहळू तांबूस होतात. पाते चुरगळून नाकाशी धरले तर गुलाबाशी नाते सांगणारा वास येतो. हे रोशा गवत. एकोणिसाव्या शतकात या भागात ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढत. ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. बाजारात त्याचे नाव होते ‘तुर्की जिरेनियम तेल’. म्हणजे गवत खानदेशचे, नाव तुर्कस्तानचे आणि वनस्पती तिसरीच! १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच भारतीय तेलातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला आपण आज जिरॅनिऑल म्हणतो. चुकीचे नाव असे कायमचे चिकटले.

या तेलाच्या व्यापाराची माहिती मी बरीच वर्षे हौसेने जमवतो आहे. आतड्याच्या आजाराकडे मी वळलो तो भाच्यामुळे. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मेसालामाइनच्या गोळ्यांवर तो दोन वर्षे ठणठणीत होता. गेल्या वर्षी दिवाळीत तो एक छोटी बाटली घेऊन आला. “मामा, तुमच्याच रोशाचं तेल आहे बघा यात. रोज चार थेंब घेतले की गोळ्या बंद केल्या तरी चालतं म्हणतात.” सोबतच्या पत्रकावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे छापले होते. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण छापलेल्या विधानाचा माग काढणे एवढे एक काम मला येते. म्हणून हे प्रयोग नेमके कोणते, ते वाचायला बसलो.

पहिली अडचण नावांचीच निघाली. आयबीएस आणि आयबीडी ही दोन आद्याक्षरी नावे ऐकायला जुळ्या भावंडांसारखी, पण आजार वेगळे. आयबीएसमध्ये पोटात कळा येतात, शौचाचे तंत्र बिघडते, माणूस हैराण होतो. पण दुर्बिणीतून पाहिले तर आतड्याचे अस्तर धड असते. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि संवेदनेत. आयबीडीमध्ये अस्तरच सुजते, सोलवटते, त्यावर व्रण पडतात, रक्त जाते. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यात लढाई मांडून बसते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्याचा एक प्रकार. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोन्सचा आजार. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. तो पचनमार्गात कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो.

बाष्पनशील तेलांचा माणसांवरचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो पेपरमिंट तेलाचा, आणि तो आयबीएसचा आहे. १९७९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. पुढे अनेक झाल्या. तेलातले मेंथॉल स्नायुपेशीत शिरणारे कॅल्शियम अडवते, त्यामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो आणि कळ थांबते. पण सैल झालेल्या स्नायूमुळे अस्तरावरचा व्रण भरत नाही. पेपरमिंटची ही पुण्याई आयबीडीच्या खात्यावर जमा करणे म्हणजे पुन्हा रोशाला जिरेनियम म्हणणे.

मग आयबीडीवरचे प्रयोग आहेत का? आहेत, आणि त्यात रोशाही आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जिरॅनिऑल उंदरांना तोंडावाटे आणि बस्तीवाटे देऊन पाहिले. उंदरांच्या आतड्यातला दाह कमी झाला, बिघडलेले जिवाणूंचे संतुलनही सावरले. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, निलगिरीतले सिनिऑल यांवरही असे प्रयोग झालेले आहेत. कारणही समजण्याजोगे आहे. दाह पेटतो तेव्हा पेशीत ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि दाह वाढवणारी द्रव्ये तयार करण्याचा हुकूम सोडते. या तेलांतील कित्येक रेणू त्या हुकमाच्या आड येतात. विज्ञान म्हणून हे खरे आणि मोलाचे आहे.

पण या उंदरांचा आजार कसा येतो तेही पाहायला हवे. त्यांना बहुधा पिण्याच्या पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम हे रसायन देतात. काही दिवसांत आतड्याचे अस्तर सोलवटते. रसायन बंद केले की बरेच उंदीर आपोआप सावरू लागतात. माणसाचा कोलायटिस असा बंद करता येत नाही. तो वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. शिवाय मात्रेचा प्रश्न आहे. स्लोव्हाकियातील कोशित्से येथील संशोधकांनी २००७ मध्ये थाइम आणि ओरेगॅनो यांचे तेल उंदरांना तीन वेगवेगळ्या प्रमाणांत दिले. दाहाची चिन्हे ठळकपणे घटली ती मधल्या प्रमाणात. सर्वांत जास्त तेल घालून जास्त फायदा झाला नाही. ‘चार थेंब’ हा आकडा कुठून आला, असे मी भाच्याला विचारले. पत्रकात त्याचे उत्तर नव्हते.

याहून मोठा प्रश्न पोहोचण्याचा. ही तेले स्निग्ध आणि हलकी असल्याने लहान आतड्यातच झपाट्याने शोषली जातात. यकृत त्यांना दुसऱ्या रेणूंशी बांधून लघवीवाटे बाहेर टाकते. कोलायटिसचे घर आहे मोठ्या आतड्यात. तिथवर गिळलेल्या तेलाचा फारसा अंश जातच नाही.

गंमत म्हणजे भाच्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा इतिहास याच अडचणीवर उभा आहे. १९४०च्या सुमारास स्वीडनमध्ये नान्ना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी सल्फासलाझिन वापरायला घेतले आणि ते कोलायटिसवरही उपयोगी ठरले. त्या रेणूत दोन भाग जोडलेले असतात. खरे काम कोणता भाग करतो, हे ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी १९७७ मध्ये शोधले. त्यांनी रुग्णांना पूर्ण औषध आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे, बस्तीवाटे देऊन पाहिले. गुण होता मेसालामाइनचा. दुसरा भाग नुसता भोई होता. मोठ्या आतड्यातले जिवाणू जोड तोडेपर्यंत तो पालखी वाहत असे. मेसालामाइन एकटे गिळले तर तेही वाटेतच शोषले जाते. म्हणून आजच्या गोळीवर आतड्यात ठरावीक जागी विरघळणारे आवरण असते. मेसालामाइन हे विलोच्या सालीतून पुढे आलेल्या सॅलिसिलेट कुळातलेच. वनस्पतीचा धागा तिथेही आहे. त्याला जागेवर पोहोचवायला मात्र काही दशके लागली. बाटलीतल्या थेंबांसाठी ती वाट कुणी बांधलेली नव्हती.

आणखी एक गफलत आपल्या ओळखीच्या वनस्पतींबाबत होते. ‘हळदीचा गुण’ म्हणून हळदीचे तेल विकले जाते. हळदीतले करक्युमिन वाफेबरोबर येत नाही. ते भट्टीतल्या चोथ्यात राहते. तेलात येतात टर्मेरोन आणि त्यांचे सोबती. सातपुड्यातल्या सालईचेही तेच. तिच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्ले वजनदार असल्याने मागे राहतात. म्हणजे डिंकावर झालेल्या चाचणीचे श्रेय तेलाला देता येत नाही.

वनस्पतिज द्रव्य माणसावरच्या चाचणीत उतरूच शकत नाही असे मात्र नाही. करक्युमिनचेच उदाहरण घ्या. २००६ मध्ये जपानमध्ये आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. दोन्ही गटांचे नेहमीचे औषध चालू होते. सहा महिन्यांत करक्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी २ जणांचा आजार उलटला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांचा. चाचणी लहान आहे, पण प्रश्न नेमका आहे आणि उत्तर मोजलेले आहे. त्यातही ‘नेहमीचे औषध चालू होते’ हे शब्द मी दोनदा वाचले. रोशाच्या जिरॅनिऑलवर उंदरांनंतर माणसांत ज्या चाचण्या झाल्या, त्या आयबीएसच्या रुग्णांवर. पुन्हा तेच, दुसऱ्याचे नाव.

हे सगळे मला समजेपर्यंत माघ उजाडला होता. भाच्याने कार्तिकातच गोळ्या सोडल्या होत्या. पहिले दोन महिने काही झाले नाही, आणि ते श्रेय तेलाला गेले. मग रक्त सुरू झाले. महिनाभर स्टिरॉइड घ्यावे लागले, नोकरीतली रजा संपली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांचा माग ठेवला होता. मेसालामाइन नीट न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटींहून अधिक निघाला. मी हा आकडा दिवाळीतच वाचला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता तो पुन्हा गोळ्यांवर आहे. काही नवे घ्यावेसे वाटले तर आधी त्याच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवतो. मला तो पत्रके पाठवतो. मी चार प्रश्न लिहून त्याला परत पाठवतो : आजार कोणता? तेल की वनस्पती? मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते कसे? आणि तपासले कुणावर, उंदरावर की माणसावर? रोशाचा वास मला आजही तितकाच आवडतो. ती बाटली माझ्या टेबलावर आहे. अधूनमधून झाकण उघडून वास घेतो. त्यातला एक थेंबही कुणाला प्यायला देत नाही.