भूतकाळात जाता येईल काय ?

अलीकडे घरोघरी दूरचित्रवाणीवरील अद्‌भुत मालिका पाहण्याचा परिपाठ पडला आहे. त्यांतील एखाद्या भागात नायिका मंत्राच्या किंवा ताइताच्या योगाने पन्नास वर्षे मागे जाते, घराण्याच्या दुर्दैवाचा जेथे उगम झाला त्या क्षणी हजर होते आणि अरिष्ट टाळून सकाळच्या आत परत येते. असा भाग दाखविला गेला की दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नांची झुंबड उडते. एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "मागे जाऊन, वारलेल्या माणसाला परत आणता येईल काय ?" असा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. म्हणून या विषयात शास्त्राला काय ठाऊक आहे ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

कल्पना जुनीच आहे. राजा रैवत आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी गेला, तेथे चाललेले गायन संपेपर्यंत थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे उलटून गेली, ही पुराणातील कथा पुष्कळांना माहीत असेल. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली कालयंत्राची कथा लिहून या कल्पनेस यंत्राचे रूप दिले. आमच्या सिरोंच्याकडील तेलुगुभाषी घरांतून १९९१ सालचा 'आदित्य ३६९' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातील मंडळी यंत्रात बसून कृष्णदेवरायाच्या राज्यात जातात.

आता या कथांत एक भेद आहे. रैवत राजा पुढे गेला, मागे गेला नाही. आणि पुढे जाणे शास्त्रास मान्य आहे! आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखविले की वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ स्थिर असणाऱ्याच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. पुढे १९१५ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या सिद्धान्तानुसार गुरुत्वाकर्षण जितके प्रबळ तितका काळ मंद. हे निव्वळ कागदावरचे गणित नव्हे. १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अत्यंत सूक्ष्म घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडून फिरून आलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या मागे पडली, पश्चिमेकडून आलेली पुढे गेली. फरक सेकंदाच्या अब्जांश भागांचा होता. पण तो गणिताशी जुळला. भामरागडची वाट दाखविणारा आपला भ्रमणध्वनी ज्या उपग्रहांकडून मार्ग विचारतो, त्यांची घड्याळे वेगामुळे थोडी मंद आणि पृथ्वीपासून दूर असल्यामुळे पुष्कळ अधिक जलद चालतात. वजाबाकी करून ती दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढीही चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटरांनी चुकेल.

आपल्या भाषेत या विषयावर डॉ. जयंत नारळीकर यांनी सुंदर कथा लिहिली आहे. त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठविली आणि १९७४ साली तिला बक्षीस मिळाले. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, या सिद्धान्तावर ती उभी आहे. मालिका पाहणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

मागे जाण्याची गोष्ट मात्र निराळी. नातू मागे गेला आणि त्याच्या हातून आजोबांचे लग्नच मोडले, तर नातू जन्मला कसा ? आणि जन्मलाच नाही, तर लग्न मोडले कोणी ? गणिती गोडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून मागे वळणाऱ्या काळाचे एक विश्व काढून दाखविले. पण ते सबंध स्वतःभोवती फिरणारे विश्व होते, आपले नव्हे. स्टीफन हॉकिंग यांचा कल असा होता की सृष्टीचे नियमच ही वाट बंद ठेवीत असावेत. त्यांनी २००९ साली जून महिन्याच्या २८ तारखेस कालप्रवाशांसाठी मेजवानी मांडली आणि निमंत्रणे मेजवानी झाल्यावर जाहीर केली. एकही पाहुणा आला नाही. तेव्हा त्या विद्यार्थ्यास आम्ही "नाही" असेच उत्तर दिले. त्याला खोटी आशा देणे आम्हांस बरे वाटले नाही.

परंतु मालिकांविषयी आमची खरी तक्रार याहून वेगळी आहे. अद्‌भुत कथेत कोणी मागे गेले की तेथे त्याला काय सापडते ? बहुधा एक अपराधी मनुष्य. कोणीतरी करणी केली, कोणीतरी शाप दिला, म्हणून आजचे दुखणे आले. इतर ठिकाणी ही करमणूक ठरेल. परंतु आमच्या गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत जादूटोण्याच्या संशयावरून निरपराध माणसांना, म्हाताऱ्या बायांनासुद्धा, मारहाण झाली आहे. काहींचे प्राणही गेले आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली याविरुद्ध कायदा केला आहे. घरात ताप आला म्हणजे मागे वळून शेजारणीचे तोंड आठवणे, हा त्याच पटकथेचा घरगुती प्रयोग होय.

वास्तविक मागे पाहण्याची एक सरळ रीत आपल्या जिल्ह्यांतच शिकता येते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवीत आणि सवड काढून दगड गोळा करीत. त्यांना व त्यांचे सहकारी हंटर यांना चांदा भागातील मांगली येथे एक कवटी मिळाली. १८५५ साली इंग्लंडातील प्राणिशास्त्रज्ञ ओवेन यांनी तिला नाव दिले. ती बेडकाच्या दूरच्या नातलगाची, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची होती. हिस्लॉप १८६३ साली अशाच एका शोधयात्रेहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले.

सिरोंच्याच्या परिसरात, पोचमपल्ली गावानजीक, १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना प्रचंड हाडे आढळली. एकेक मांडीचे हाड पाच फुटांहून लांब ! बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. म्हणून प्राण्याचे नाव बारापासॉरस, आणि १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते म्हणून पुढे 'टागोरी'. हे नाव १९७५ साली प्रसिद्ध झाले. निदान सहा प्राण्यांची हाडे तेथे होती, आणि त्यांच्याबरोबर मोठमोठ्या झाडांची खोडे. त्यावरून हे सारे पुराच्या लोंढ्याने वाहून एकत्र आले असावे, असे अनुमान निघाले. अठरा-वीस कोटी वर्षे मागे गेल्यावर तेथे कोणी अपराधी सापडला नाही, पाऊस आणि नदी सापडली.

तो सांगाडा आता कोलकात्यात उभा आहे. परंतु सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे दगड झालेली झाडे आजही पाहता येतात. लाकूड गाळाखाली गाडले गेले, हवा लागली नाही म्हणून कुजले नाही, आणि पाण्यातील खनिजे कणाकणाने त्यात भरत गेली. म्हणून त्या दगडात लाकडाचे धागे दिसतात. सुटीत तिकडे जाणाऱ्यांस एकच विनंती. नवलाचा दगड दिसला तर तो उचलू नये; जागा लक्षात ठेवावी आणि वनखात्याच्या मनुष्यास किंवा शिक्षकांस कळवावे. कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी तो होता यावरूनच त्याचे वय निघते. घरच्या फळीवर आणून ठेवला की त्याचे वय कोणासही सांगता येत नाही.