अहेराची वही आणि फळांची करंडी



कोकणात आमच्या लग्नघरी एक दृश्य हमखास दिसत असे. मांडवाच्या एका कोपऱ्यात घरातले एखादे जाणते गृहस्थ चष्मा सावरीत, लांबट वही पुढ्यात घेऊन बसत. पाहुणा अहेर देई आणि ते गृहस्थ त्याचे नाव, गाव व रक्कम मोठ्याने उच्चारून लिहून ठेवीत. पाच रुपये असोत की खण-नारळ असो, वहीत नोंद झाल्याखेरीज अहेर आत जात नसे. पुढे त्या पाहुण्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे ती वही उघडली जाई आणि परतफेड होई. देणारा, घेणारा आणि पाहणारा अशा तिघांनाही ठाऊक असलेला तो व्यवहार होता. त्यात लपविण्यासारखे काही नव्हते, म्हणूनच त्यात लाजण्यासारखेही काही नव्हते.

या वहीची आठवण होण्यास निमित्त घडले ते आमच्या मंडळाच्या साठ खुर्च्यांचे.

काही वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीस दोन महिने उरले असताना आमच्या सभागृहापुढे एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून साठ नव्या खुर्च्या उतरल्या. जुन्या खुर्च्या मोडकळीस आल्या होत्या, मलिद्याच्या कार्यक्रमास वृद्ध माणसांना भिंतीला टेकून उभे राहावे लागत होते. तेव्हा सर्वांना आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. पाठविणारे गृहस्थ निवडणुकीस उभे होते. आठवड्याभरात ते स्वतः आले, गळ्यात हार घालून घेतला, मराठीत "नमस्कार" म्हणाले, आमच्या वयोवृद्ध भगिनींच्या शेजारी बसून छायाचित्र काढून घेतले आणि गेले. पुढे ते निवडूनही आले.

वर्षभराने आमच्या वस्तीतून दवाखान्याकडे जाणारी सकाळची बस बंद झाली. तक्रार करण्यासाठी समितीची सभा भरली. पत्र त्याच गृहस्थांना लिहावयाचे होते. पहिल्या मसुद्यात "अन्याय" हा शब्द होता. दुसऱ्यात त्याची "गैरसोय" झाली. तिसऱ्यात केवळ "नम्र विनंती" उरली. आम्हांस कोणी धमकी दिली नव्हती. खुर्च्यांचा उल्लेखही त्या सभेत कोणी केला नाही. आम्ही त्यांवर बसलो मात्र होतो. ती बस पुन्हा सुरू झाली नाही.

हा दोष आम्ही आधी आमच्या पदरात घेतो आणि मगच मोठ्या माणसांविषयी बोलू लागतो.

करंडी एक दिवस आधी आली

आपल्या शास्त्रकारांनी या विषयाचा विचार आजच्या वकिलांहून अधिक खोलवर केला आहे. न्यायाधीशाने भेट घेऊ नये, कारण भेटीमुळे शहाण्याचीही दृष्टी जाते, अशी आज्ञा मोशे रब्बेनूंच्या देवारीम ग्रंथात आहे. येथे मूर्खाविषयी नव्हे, शहाण्याविषयी सांगितले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तलमूदाच्या केतुबोत या भागात रब्बी इश्माएल बेन योसे यांची कथा आहे. त्यांचा कूळ दर शुक्रवारी त्यांच्याच बागेतील फळांची करंडी आणून देत असे. एकदा ती गुरुवारी आली. रब्बींनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, आज माझा एक दावा आपल्यापुढे आहे, येतच होतो, म्हणून करंडीही घेऊन आलो. रब्बींनी करंडी परत केली आणि मी तुझा न्याय करू शकत नाही, असे सांगून दुसरे दोन न्यायाधीश नेमले. तरीदेखील दावा चालू असताना त्यांच्या मनात सारखे येत राहिले की, या माणसाने अमुक युक्तिवाद केला असता तर बरे झाले असते! तेव्हा ते स्वतःशीच हळहळले. जी करंडी घेतली नाही, आणि घेतली असती तरी जी आपल्याच बागेची होती, तिने आपले मन असे झुकविले; मग जे खरोखर घेतात त्यांच्या मनाचे काय होत असेल?

लाचेसाठी हिब्रूत "शोखद" हा शब्द आहे. त्याचा उलगडा आपल्या शास्त्रकारांनी मोठ्या मार्मिकपणे "तो एक आहे" असा केला. घेणारा आणि देणारा एकजीव होतात. मग देणाऱ्याचा पक्ष हा घेणाऱ्यास आपलाच पक्ष वाटू लागतो, आणि स्वतःविरुद्ध निकाल कोण देईल? आमच्या पत्राचे तीन मसुदे याच कारणाने बदलले.

कायदा आणि मैत्री

इस्रायलात १९७९ साली सार्वजनिक सेवकांना मिळणाऱ्या भेटींविषयी स्वतंत्र कायदा झाला. अधिकारपदामुळे मिळालेली भेट नाकारावी किंवा परत करावी. तसे न केल्यास ती सरकारच्या मालकीची होते, असे त्याचे साधे सूत्र आहे. प्रसंगास अनुरूप अशी किरकोळ किमतीची भेट तेवढी त्यातून वगळली आहे. सेवकाच्या पत्नीस वा पतीस दिलेली भेटही या कायद्याखाली येते, कारण करंडी पुढच्या दाराने आली काय आणि मागच्या दाराने आली काय, ती एकाच स्वयंपाकघरात जाते.

परंतु या कायद्यापुढे एक शब्द नेहमी आडवा येतो, आणि तो शब्द म्हणजे "मैत्री".

एझर वाइझमन हे वायुदलाचे धडाडीचे सेनापती, इजिप्तशी झालेल्या तहातील एक प्रमुख पुरुष आणि १९९३ पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष. पूर्वी क्नेसेटचे सदस्य व मंत्री असताना त्यांनी फ्रान्समधील एका उद्योगपतीकडून तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम घेतल्याचे १९९९ च्या अखेरीस एका पत्रकाराने उघडकीस आणले. ती मित्राने दिलेली भेट होती, असे त्यांचे म्हणणे होते. मुदत उलटून गेल्यामुळे आणि पुरावा अपुरा असल्यामुळे त्यांच्यावर खटला झाला नाही. तथापि जुलै २००० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले. कायद्याने त्यांना सोडले. लोकांच्या मनाने सोडले नाही.

एहुद ओल्मर्ट यांच्या वेळी अमेरिकेतील एका व्यापाऱ्याने मे २००८ मध्ये यरुशलेमच्या न्यायालयात पाकिटांतून दिलेल्या रोख रकमांविषयी साक्ष दिली. त्याच वर्षी ओल्मर्ट यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पुढे यरुशलेममधील होलीलँड या गृहबांधणी प्रकल्पाच्या लाचप्रकरणी आणि पाकिटांच्या प्रकरणीही ते दोषी ठरले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी तुरुंगाची पायरी चढली. इस्रायलचा माजी पंतप्रधान तुरुंगात जाण्याची ती पहिलीच वेळ. आम्हांस त्याची लाज वाटली, आणि ज्या देशात असे होऊ शकते त्या देशाचा किंचित अभिमानही वाटला.

बिन्यामिन नेतान्याहू यांच्यावरील "१००० क्रमांकाच्या प्रकरणात" सिगार, शॅम्पेन व दागिने यांचा उल्लेख आहे. चित्रपटनिर्माते आर्नोन मिल्चन आणि ऑस्ट्रेलियाचे उद्योगपती जेम्स पॅकर यांच्याकडून सुमारे सात लाख शेकेल किमतीच्या वस्तू त्यांना व त्यांच्या कुटुंबास वर्षानुवर्षे मिळाल्या, असे आरोपपत्र म्हणते. या प्रकरणातील आरोप लाचेचा नसून फसवणूक व विश्वासभंगाचा आहे. खटल्यास मे २०२० मध्ये प्रारंभ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते स्वतः साक्षीस उभे राहिले. त्यांनी सर्व आरोप नाकारले असून मित्रांनी मित्राला भेट देण्यात गैर ते काय, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे आहे. आमच्या वाचकांत त्यांचे चाहते पुष्कळ आहेत आणि विरोधकही आहेत. निकाल देणे हे न्यायाधीशांचे काम आहे, ते आमच्या लेखणीचे नव्हे. आम्ही इतकेच म्हणतो की मैत्रीत देवाणघेवाण असते. ज्या मैत्रीत करंडी एकाच दिशेने चालते तिला अहेराच्या वहीत कोणत्या पानावर लिहावे, हे आमच्या आजोबांनाही सुचले नसते.

चेहरा राखण्याची कला

भेट घेणे ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे ती उघड झाल्यावर लोकांपुढे चेहरा कसा राखावा ही. या कलेच्या पायऱ्या देशोदेशी सारख्याच असतात. प्रथम वस्तू लहान करून सांगावयाची. मग देणाऱ्यास जिवलग मित्र म्हणावयाचे. मग बातमी देणाऱ्याचा हेतू काय, असे विचारावयाचे. आणि अखेरीस हा माझ्यावर नव्हे, माझ्या मतदारांवरच हल्ला आहे, असे सांगावयाचे. या शेवटच्या पायरीवर आपल्यासारखी साधी माणसे हटकून फसतात. साहेबांचा अपमान तो आपला अपमान समजून आपण भांडावयास उठतो, आणि वस्तू कोणी दिली व कशासाठी दिली हा मूळ प्रश्न बाजूस राहतो.

वर्तमानपत्रातील चांगली बातमी हीदेखील एक भेटच होऊ शकते. नेतान्याहू यांच्यावरील "४००० क्रमांकाच्या प्रकरणात" वाल्ला या वृत्तस्थळावर अनुकूल मजकूर यावा आणि त्याच्या मालकाच्या बेझेक या दूरध्वनी कंपनीस सरकारी निर्णयांचा लाभ व्हावा, असा व्यवहार झाल्याचा आरोप आहे. येथे आरोप लाचेचा आहे आणि तोही त्यांनी नाकारला आहे. परंतु असा आरोप होऊ शकतो यातच एक धडा आहे. सिगार जळून जातो, छापलेली स्तुती मात्र मतपेटीपर्यंत पोहोचते. हार घातलेले आमचे ते छायाचित्रही कोणाच्या तरी प्रचारपत्रकात पोहोचले होतेच.

याच्या उलट उदाहरण १९७७ चे आहे. यित्झाक राबिन यांच्या पत्नीच्या नावे वॉशिंग्टनच्या बँकेत डॉलरांचे खाते असल्याचे त्या वर्षी मार्चमध्ये "हारेत्झ" पत्राने छापले. परदेशात असे खाते ठेवणे तेव्हा बेकायदा होते. ती कोणाची भेटही नव्हती. राबिन वकील म्हणून तेथे असतानाच्या काळातील ते खाते होते. ७ एप्रिलच्या रात्री राबिन यांनी पंतप्रधानपदाची उमेदवारी सोडली. खाते पत्नीचे आहे, असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. पंधरा वर्षांनी, १९९२ साली, याच देशाने त्यांना पुन्हा पंतप्रधान केले. चूक कबूल करणाऱ्यास लोक कायमचे टाकीत नाहीत, हा या गोष्टीचा अर्थ आमच्या पुढाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

जन्मभूमीतील सिमेंट

हे सारे इस्रायलातच घडते असे कोणी समजू नये. ज्या कुलाबा जिल्ह्यातील गावांची नावे आपण आडनावांतून वागवितो, त्याच जिल्ह्यातील आंबेत गावचे अब्दुल रहमान अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. जिल्ह्यास रायगड हे नाव त्यांच्याच कारकीर्दीत मिळाले. त्या काळी सिमेंट सरकारी कोट्यातून मिळे. बांधकाम व्यावसायिकांना सिमेंट मिळाले आणि "इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान" या न्यासास त्यांच्याकडून देणग्या मिळाल्या, हे १९८१ च्या ऑगस्टअखेरीस अरुण शौरी यांनी "इंडियन एक्स्प्रेस"मध्ये मांडले. पैसा खिशात गेला नाही, कलेच्या व साहित्याच्या कार्यास गेला, असा बचाव झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये देणगी आणि सिमेंट यांची सांगड मान्य केली आणि अंतुले यांनी पद सोडले.

सत्कार्याच्या नावानेही करंडी येऊ शकते, हे आम्हांस यातून उमगते. खुर्च्यादेखील सत्कार्यासाठीच होत्या.

हक्क आणि उपकार

येथे आम्हांस १९६४ चा उन्हाळा आठवतो. आमच्या विवाहांविषयी, आमच्या कुळाविषयी शंका घेतली गेली तेव्हा बेने इस्राएलांकडे देण्यासारखे काय होते? ना पैसा, ना वशिला. या देशात ज्यास गमतीने "व्हिटॅमिन पे" म्हणतात त्या प्रोटेक्सियाचा एक कणही आमच्या लोकांकडे नव्हता. बायकामुलांसह माणसे यरुशलेममध्ये ठाण मांडून बसली आणि आम्ही इतरांसारखेच ज्यू आहोत, इतकेच म्हणत राहिली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ते मान्य केले. ती गोष्ट आम्हांस कोणी भेट दिली नाही, म्हणूनच ती कोणी परत मागू शकत नाही.

भेटीचा खरा तोटा येथे आहे. दवाखान्याची बस हा आमचा हक्क होता. साठ खुर्च्या घेतल्या त्या दिवशी त्याचा उपकार झाला. आणि उपकाराविषयी माणूस तक्रार करीत नाही, फक्त विनंती करतो.

यास्तव आमच्या मंडळाने आता तीन नियम केले आहेत. ते इतर गावच्या मंडळांनीही विचारात घ्यावेत, अशी आमची सूचना आहे. निवडणुकीस उभ्या असलेल्या किंवा उभ्या राहू पाहणाऱ्या कोणाकडूनही वस्तू वा रक्कम घ्यावयाची नाही. इतर प्रत्येक देणगीची पावती द्यावयाची आणि ती वार्षिक सभेत नाव व रकमेसह वाचून दाखवावयाची. उमेदवारांनी आमच्या कार्यक्रमास अवश्य यावे, मलिद्याचा प्रसाद घ्यावा, आमची गाऱ्हाणी ऐकावीत. हार मात्र वडीलधाऱ्यांच्याच गळ्यात पडेल.

त्या साठ खुर्च्या परत करण्याची वेळ निघून गेली आहे. त्यांपैकी काहींचे पाय आता डुगडुगू लागले आहेत. नव्या घेण्यासाठी घरटी वर्गणी सुरू केली असून सभागृहाच्या दाराशी एक लांबट वही ठेवली आहे. पहिल्या पानावर एका ऐंशी वर्षांच्या आजींनी आपल्या हाताने नाव लिहून वीस शेकेल दिले आहेत. बंद झालेल्या त्या बसने त्या जात असत.

बसविषयीचे चौथे पत्रही लिहून झाले आहे. त्यात "अन्याय" हा शब्द पुन्हा घातला आहे.