‘बूट’वर अडकलेला बॉक्स
डिशचा डबा, आतून : भाग ६

अपडेट चालू असतानाच लाइट जाते. परत आल्यावर सेटटॉप बॉक्सचा लाल दिवा लागतो, समोरच्या पट्टीवर ‘बूट’ ही अक्षरं उमटतात आणि गाडी तिथेच थांबते. टीव्हीवर चित्र नाही, रिमोटला दाद नाही. ‘बॉक्स डेड झाला, नवा घ्या,’ असा सल्ला मिळतो. तो मानण्याआधी आत नेमकं काय झालंय ते समजून घ्यायला हवं, कारण असे कितीतरी बॉक्स परत चालू होण्यासारखे असतात.

बॉक्सचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, फ्लॅश मेमरीच्या आयसीमध्ये असतं. या मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एकेक ब्लॉक पूर्ण पुसायचा आणि मगच त्यात नवी माहिती भरायची. पुसलेल्या ब्लॉकमधला प्रत्येक बिट १ होतो. पुसणं झालं आणि लिहिणं व्हायचं आहे, अशा वेळी वीज गेली की आयसीत थोडं नवं, थोडं जुनं आणि मध्ये कोरी जागा असा गोंधळ उरतो. ट्यूनर, पॉवर सप्लाय, प्रोसेसर सगळं ठणठणीत असतं. चुकीच्या मॉडेलचं फर्मवेअर घातलं तरी बहुधा हेच होतं.

अशा बॉक्सला वाचवतो तो बूटलोडर. घरात सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या माणसासारखा हा छोटा प्रोग्रॅम वीज येताच पहिला जागा होतो, मेमरी तपासतो आणि मग मोठ्या सॉफ्टवेअरला उठवतो. तो स्वतंत्र जागेत राहतो, आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्या जागेला सहसा हात लागत नाही. मोठं सॉफ्टवेअर कोसळलं तरी बूटलोडर शाबूत असेल आणि त्याला यूएसबी वाचता येत असेल, तर पेनड्राइव्हवरून बॉक्स पुन्हा उभा करता येतो.

युरोपात गाजलेला ‘व्हू प्लस ड्युओ’ हा कोरियन बनावटीचा लिनक्स रिसीव्हर याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात ब्रॉडकॉमची चिप आहे आणि सीएफई नावाचा त्याच कंपनीचा बूटलोडर. बॉक्स सुरू होताना सीएफई यूएसबीमध्ये डोकावतो आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाच्या फाइली आहेत का ते पाहतो. पेनड्राइव्हवर ‘व्हूप्लस’ फोल्डर, त्यात ‘ड्युओ’ फोल्डर आणि त्यात मुख्यतः दोन फाइली लागतात. एक कर्नलची आणि दुसरी ‘रूट’ची, म्हणजे बाकीच्या सगळ्या सॉफ्टवेअरची. मागच्या स्विचने बॉक्स बंद करायचा, पेनड्राइव्ह पुढच्या खोबणीत लावायचा आणि स्विच चालू करायचा. पट्टीवर अपडेटची विचारणा झाली की पुढचं पॉवर बटण दाबायचं. मग काम संपल्याचा संदेश येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

नावाच्या बाबतीत हा बूटलोडर किती काटेकोर आहे ते पाहण्यासारखं आहे. ड्युओच्या रूट फाइलच्या नावाला शेवटी ‘जेएफएफएस२’ लागतं. ही जुन्या फाइल-व्यवस्थेची खूण. पुढे आतली व्यवस्था बदलून यूबीआय आली, पण फाइलचं नाव तेच ठेवावं लागलं. सीएफई ओळखतो ते जुनंच नाव.

पेनड्राइव्हचे अडथळे साधे असतात, पण डोकं फिरवतात. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट अशा बूटलोडरला कळत नाही. मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच येतात, म्हणून ४ किंवा ८ जीबीचा जुना ड्राइव्ह शोधावा. झिप फाइल उघडताना कधी कधी फोल्डरच्या आत तसाच आणखी एक फोल्डर तयार होतो. तसं झालं की बॉक्सला काहीच सापडत नाही. सगळं नीट असूनही विचारणा होत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा पेनड्राइव्ह लावून पाहावा. काही बूटलोडरना काही ड्राइव्ह वाचताच येत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त येतो तो फ्री डिशच्या बॉक्सबाबत. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. मासिक भाडं नसल्याने बॉक्स बाजारातून हवा तो घेता येतो, आणि बाजारात नावं अनेक असली तरी आतली सर्किटची पाटी बऱ्याचदा सारखीच निघते. म्हणून फर्मवेअर शोधताना झाकणावरच्या नावावर जाऊ नये. बॉक्सची वायर काढून, झाकण उघडून, पाटीवर छापलेला क्रमांक आणि मुख्य चिपचा नंबर जुळवावा. पैसे भरून घेतलेल्या डीटीएच कंपनीच्या बॉक्सवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे फर्मवेअर कंपनीच उपग्रहावरून पाठवते.

स्वस्त बॉक्सची खरी अडचण पुढे आहे. त्यांच्या मेनूत ‘यूएसबी अपग्रेड’ असतं, पण बॉक्स बूटवर अडकला की मेनूपर्यंत पोचणार कसं? काहींत पुढचं बटण दाबून धरत वीज दिली की बूटलोडर पेनड्राइव्ह वाचतो; अनेकांत ती सोयच नसते. ही सोय देणं उत्पादकाला अवघड नाही, आणि ती नसल्यामुळे चांगले बॉक्स भंगारात जातात. म्हणून ती आहे का, हे ग्राहकाने विकत घेतानाच विचारायला हवं.

सोय नसलेल्या बॉक्ससाठी कारागीर फ्लॅशच्या आयसीलाच हात घालतात. आठ पायांची, २५क्यू३२ सारख्या नंबरची ही आयसी ३२ मेगाबिटची, म्हणजे ४ मेगाबाइटची असते. क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामर या छोट्या उपकरणाने ती वाचता-लिहिता येते. पण ती ३.३ व्होल्टवर चालते आणि त्या प्रोग्रामरच्या काही काळ्या बोर्डांवर डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात. त्यामुळे आधी मीटर लावून पाहायचं. त्यानंतर आयसीत जे काही उरलंय ते दोनदा वाचायचं, वाचलेल्या दोन्ही प्रती, म्हणजे डंप, जुळतात का ते तपासायचं आणि जपून ठेवायचं. नवं लिहायची पाळी त्यानंतरची. प्रोग्रामरची जोडणी आणि सिरियल पोर्टवरून बूटलोडर काय सांगतो ते पुढच्या आठवड्यात.