खाली म्हणजे पूर्व

तंजावरला मी पहिल्यांदा गेले ती दक्षिण यात्रेच्या बसमधून. सकाळी अकराला बस बृहदीश्वराच्या देवळापाशी थांबली. दीड तासात चाळीस माणसं दर्शन घेऊन, नंदीपाशी फोटो काढून परतली आणि जेवण उरकून रामेश्वरच्या वाटेला लागली. देवळात एका गाइडने खड्या आवाजात सांगितलं होतं, की या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही. आम्ही सगळ्यांनी माना वर करून शिखर पाहिलं. पायाखाली कुणीच पाहिलं नाही.

बस गावाबाहेर पडताना घरांच्या वर एका उंच मनोऱ्याचं टोक दिसलं. ते काय म्हणून विचारलं, तर ‘पॅलेस’ एवढंच उत्तर आलं. भोसल्यांनी जवळजवळ १८० वर्षं जिथून राज्य केलं तो वाडा मी बसच्या काचेतून पाहिला, ही रुखरुख पुढे कित्येक वर्षं राहिली.

म्हणून या वेळी मी आणि हे असे आम्ही दोघंच गेलो, दोन दिवस हातात ठेवून, आणि फक्त आमच्यासाठी एक गाइड ठरवला. फोनवर बोलणं झालं तेव्हा त्यांनी पैशांआधी तीन गोष्टी विचारल्या: किती चालवेल, तमिळ किती कळतं आणि देऊळ आधी बघायचंय की गाव? शेवटचा प्रश्न मला फार आवडला. ते निवृत्त शिक्षक, घरात मराठी बोलणारे, तंजावरातच जन्मलेले. आम्ही त्यांना ‘मास्तर’ म्हणू लागलो, ते मला ‘अक्का’. हा शब्द तमिळमधून आला की आपल्या जुन्या घरांतून, हे विचारायचं राहूनच गेलं.

मास्तरांनी सांगितलं, की देऊळ शेवटी. दुपारी ते बंद असतं आणि भर उन्हात तिथल्या दगडावर अनवाणी पाय टेकवत नाही. सकाळी गाव, मग वाडा, दुपारी विश्रांती, उन्हं कलली की देऊळ. जानेवारी असल्यामुळे ईशान्येचा पाऊस संपला होता आणि हवेत थोडा गारवा होता. चालायचं असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हेच दिवस खरे.

साडेसहाला आम्ही पूर्वेच्या राजवीथीवर उभे होतो. जुनं तंजावर दोन किल्ल्यांचं. लहान किल्ल्यात मोठं देऊळ आणि शिवगंगा तळं, मोठ्या किल्ल्यात राजवाडा आणि त्याभोवती चार दिशांच्या चार मुख्य वीथी. तट बऱ्याच ठिकाणी ढासळलाय, खंदक कुठे उरलाय तर कुठे बुजलाय, पण चार वीथींचा चौक तसाच आहे. मास्तरांनी पाटीवरचं नाव वाचून दाखवलं: कीळ राजवीथी. ‘कीळ’ म्हणजे खाली आणि खाली म्हणजे पूर्व. पश्चिमेची ती ‘मेल’ वीथी, वरची. कावेरी सह्याद्रीत उगम पावते आणि उताराने पूर्वेला समुद्राकडे जाते. ज्या भाषेने दिशांना नावं दिली तिने पाण्याकडे पाहूनच ती दिली. मी कोकणातली. आमच्याकडे ‘वर’ म्हणजे घाटावर, म्हणजे पूर्वेला. तोच सह्याद्री, पण दोन उतारांवरच्या माणसांचं वर-खाली उलटं झालेलं. गटाबरोबर असते तर एका पाटीपाशी पंधरा मिनिटं उभं राहायला मिळालं नसतं.

गल्ल्यांतून हिंडताना एका फाट्यावर ‘मानोजीअप्पा वीथी’ असं नाव ऐकू आलं आणि मी थबकलेच. अक्षरं तमिळ, नाव आपलं. घरं बसकी, पुढे ओटा, ओट्यावर लाकडी खांब, उंबऱ्यासमोर तांदळाच्या पिठाचं ताजं कोलम. आत मधोमध उघडा चौक. आपल्याकडच्या वाड्याचा चौक आणि हा चौक यांचं नातं काय, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर असलेल्या गावात माणूस असंच घर बांधणार, त्यासाठी कुणी कुणाकडून शिकायला लागत नाही. हे उत्तर मला पटलं. सगळ्या गोष्टींत आपला ठसा शोधायची सवय मराठी प्रवाशाला इथे फार लवकर लागते.

भोसले इथे आले ते मुळात विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून. मदुरैच्या नायकाने १६७३ मध्ये तंजावरचं नायक घराणं संपवलं. त्यातला वारस गादीवर बसवायला शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांना पाठवण्यात आलं. १६७५च्या सुमाराला ते स्वतःच गादीवर बसले. इथे त्यांना एकोजी म्हणतात. सत्ता मिळवण्याची ही गोष्ट काही फार उजळ नाही आणि मास्तरांनी ती रंगवूनही सांगितली नाही. त्यांचा जीव होता तो पुढच्या पिढ्यांत. एकोजींचे पुत्र दुसरे शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले. ते स्वतः लिहीत असत, मराठीत आणि तेलुगूतही. त्यांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारख्या नाटकांमुळे मराठी रंगभूमीचा इतिहास मागे न्यावा लागतो. विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं ‘सीतास्वयंवर’ १८४३चं, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिलं जात होतं. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

वाटेत एका लहानशा हॉटेलात डबरा-टंबलरमधली कॉफी घेतली आणि वाड्यात शिरलो. वाडा मूळचा नायकांचा, भोसल्यांनी तो वाढवला. आजची त्याची अवस्था पाहून वाईट वाटतं. काही भाग नीट राखलेला, काही पडझडीला आलेला, काहींत कचेऱ्या. पण मराठ्यांच्या दरबार हॉलमधले रंगवलेले खांब आणि कमानींवरचं चुन्याचं काम अजून जीव धरून आहे. मास्तरांनी आम्हाला एका बाजूला उभं करून कमानींच्या रांगेतून पाहायला लावलं. तिथून रंगांची खोली दिसते, समोरून दिसत नाही. मागे बसच्या काचेतून दिसलेला तो मनोरा शस्त्रागाराचा. त्याच्या वरच्या मजल्यावर देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे, तो पाहून हे लहान मुलासारखे खूश झाले.

नायकांच्या दरबार हॉलमध्ये आता कलादालन आहे, चोळांच्या पंचधातूंच्या मूर्तींचं. तिरुवेंगाडूहून आलेला वृषवाहन शिव पाहिला आणि पाय हलेनात. एक हात बैलावर टेकवण्यासाठी वाकवलेला, पण बैल जवळ नाही. त्यामुळे तो हात हवेतच विसावलेला. इतकी सहज उभी राहिलेली मूर्ती मी दुसरी पाहिलेली नाही. याच दालनात दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला, डोक्यावर टोकदार पागोटं. घडवणारा लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन.

या सरफोजींसाठी तंजावरला यावं. जन्म १७७७चा. दत्तक म्हणून आले, चुलत्याने गादी बळकावली, डॅनिश मिशनमधून आलेल्या श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने सांभाळलं, शिकवलं. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला आणि तनखा. तलवार चालवायला जागाच नव्हती. या माणसाने उरलेली तेहतीस वर्षं पुस्तकं जमवली, माणसं जमवली, शाळा काढल्या, धन्वंतरी महालात वैद्य आणि डॉक्टर एकत्र बसवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी रंगीत चित्रांसह करून घेतल्या. १८०५च्या सुमाराला वाड्यात देवनागरी छापखाना घातला. त्यातून इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापून निघाल्या, तेव्हा मुंबईत मराठी पुस्तकं छापायला सुरुवातही व्हायची होती.

सरस्वती महाल हे ग्रंथालय नायकांच्या काळात सुरू झालं, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. १८२० ते १८२२ या वर्षांत ते काशीयात्रेला गेले आणि तिथूनही पोथ्या घेऊन आले. आज इथे सुमारे ४९ हजार हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि ३ हजारांहून अधिक मराठी. शिवाय दरबारी कारभाराचे मोडी कागद. १९१८पासून हे ग्रंथालय सर्वांसाठी खुलं आहे. प्रवाशाला बघायला मिळतं ते एका दालनातलं छोटं संग्रहालय. पोथ्यांचे कप्पे अभ्यासकांसाठी. हे आधी माहीत नसलं तर विरस होतो. मास्तरांनी आम्हाला ते दाराबाहेरच सांगितलं आणि मग आत एकेका पेटीपाशी थांबवलं. ताडपत्रावर लेखणीने कोरून, मग काजळी चोळून अक्षर कसं उठवतात ते समजावलं. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी ठेवलेली फ्रेंच चित्रं दाखवली. पुस्तकांवर राजांची स्वतःची इंग्रजी सही असे, तीही दाखवली. तास कुठे गेला कळलं नाही.

दुपारी आम्ही झोपलो. मास्तरही घरी जाऊन झोपले. स्वतंत्र फेरीचं हे सुख सांगितलंच पाहिजे: थकल्यावर थकलो म्हणता येतं.

चारच्या आधी ते आम्हाला वीणा घडवणाऱ्या एका घरी घेऊन गेले. वीणेला जुन्या फणसाचं लाकूड लागतं. ते बहुतेक पन्रुटीच्या बाजूने येतं. भोपळा, दांडी आणि वरचं व्याळमुख असे भाग जोडून केलेली वीणा वेगळी आणि अखंड खोडातून कोरलेली ‘एकांड’ वीणा वेगळी. तिला लाकूडही जास्त जातं, कष्टही. दांडीवर काळसर मेणाचे दोन बांध घालतात आणि त्यात २४ पितळी पडदे कानाने जुळवून बसवतात. कारागीर पडदा केसभर सरकवायचे, तार छेडायचे, पुन्हा सरकवायचे. विकत घ्या असं कुणी म्हणालं नाही. मास्तरांनी ठरवतानाच सांगितलं होतं, की दुकानातून मी काही घेत नाही, त्यामुळे कुठल्या दुकानात नेणारही नाही. गाइड ठरवताना हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. डोलणाऱ्या मानेच्या बाहुल्या आम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या आम्ही बाजारात जाऊन घेतल्या.

मग शिवगंगेकाठचं श्वार्ट्झचं चर्च, १७७९चं. श्वार्ट्झ वारल्यावर सरफोजींनी त्याच फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. मरणशय्येवरचा म्हातारा पाद्री आणि त्याचा हात हातात घेतलेला तरुण राजा. राजाने गुरूसाठी स्वतः इंग्रजी ओळीही रचल्या होत्या. गावातला हिंदू राजा आपल्या ख्रिस्ती गुरूला इतकं उघड प्रेम दाखवतो, हे पाहून मी बराच वेळ बाकावर बसून राहिले.

आणि शेवटी देऊळ. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइट, आणि हा दगड आसपास मिळतसुद्धा नाही. उन्हं तिरपी झाली होती. मास्तरांनी काही न बोलता बोट दाखवलं. शिखराची सावली फरशीवर लांबवर पडली होती, माणसं तिच्यात बसून शेंगा खात होती. मला सगळी दालनं पाहून झाला नसेल एवढा आनंद त्या सावलीने दिला. इतकं मोठं काम माणसांनी केलं, त्याला खोट्या चमत्काराची गरजच काय?

जोत्यावरचे लेख त्यांनी हाताने दाखवले, स्पर्श न करता. राजराजाने देवळाला काय दिलं त्याची ती नोंदवही आहे. देवळाच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची नावं तिथे कोरलेली आहेत, कुठल्या गावच्या देवळातून आली त्यासह. आणि तंजावरात कुणाला कुठल्या रस्त्याच्या कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं, तेही. हजार वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांचा पत्ता दगडावर. सकाळपासून आम्ही जे चालत होतो, ते या नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर.

सगळ्यात शेवटी नैर्ऋत्येचा प्राकार. तिथल्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, मराठीत, देवनागरीत. मजकूर त्यांचे चिटणीस बाबूराव यांचा. भिंतीमागून भिंत भरत जाणारा हा लेख मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी आहे. आजूबाजूने प्रवासी जात होते, पण थांबत कुणीच नव्हतं.

मास्तर म्हणाले, अक्का, तुम्ही वाचा. मला आधी कळलं नाही. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना चाचपडतच वाचता येते. हा लेख त्यांनी शेकडो लोकांना दाखवला होता, त्यात काय आहे ते पुस्तकातून शिकून सांगितलं होतं, पण सलग ऐकला नव्हता.

मी वाचू लागले. अक्षर बारीक, जुन्या वळणाचं, उजेड उतरत चाललेला. हे मोबाइलचा दिवा भिंतीला तिरपा धरून उभे राहिले, म्हणजे कोरलेल्या रेषेत सावली भरते आणि अक्षर उठतं. जिथे वाक्याचा अर्थ मला लागेना तिथे मास्तर डोळे मिटून ते पुन्हा म्हणायला लावत आणि आपल्या घरच्या मराठीत सांगत. मालोजी झाले, शहाजी झाले. एकोजींचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

रखवालदार दिवे लावत आमच्याकडे आला आणि मास्तरांशी तमिळमध्ये काही बोलला. मास्तरांनी चपलांच्या दिशेने चालायला सुरुवात केली. उद्या सहाला देऊळ उघडतं, म्हणाले, त्याचे पैसे नकोत.