राऊटर निवडताना पदार्थविज्ञान आठवा!

तालुक्याच्या गावातली एखादी लहानशी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. ओळीने तीन खोल्या, सहा संगणक आणि प्रत्येकाच्या खिशात एक मोबाइल. महिनाअखेर आहे. हप्ता भरायला आलेली माणसे रांगेत ताटकळत आहेत आणि संगणकाच्या पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. चिटणीस नवा राऊटर घ्यायचे ठरवतात. दुकानदार सहा अँटेनांचा, भला मोठा आकडा छापलेला महागडा राऊटर पुढे करतो. तो घ्यावा का? पैसे सभासदांचे आहेत. तेव्हा जाहिरातीपेक्षा पदार्थविज्ञानाला विचारलेले बरे.

राऊटर करतो तरी काय? बाहेरून तारेने आलेली माहिती तो आतल्या योग्य यंत्राकडे पाठवतो आणि त्या यंत्रांचे निरोप बाहेर पोचवतो. तार न वापरता हे करायचे, तर त्याला रेडिओ तरंगांची मदत घ्यावी लागते. अशा तरंगांना भिंत पूर्णपणे अडवत नाही, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात जाहीर प्रयोगाने दाखवले होते. त्यांनी काही मिलिमीटर लांबीचे तरंग वापरले. आपला राऊटर प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वारंवारतांच्या पट्ट्यांत बोलतो. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मिळते. तुम्हीच भागाकार करून पाहा. पहिल्याची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर येईल, दुसऱ्याची ६ सेंटिमीटर.

दहा लाखावा हिस्सा

राऊटरची शक्ती असते सुमारे १०० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दहावा भाग. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीने घटते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला आहातच. २.४ गिगाहर्ट्झच्या साध्या अँटेनेने मोकळ्या जागेत १० मीटरवर ग्रहण केली, तर हाती येते ती सोडलेल्या शक्तीचा जेमतेम दहा लाखावा हिस्सा! ५ गिगाहर्ट्झला अँटेना आणखी लहान असते आणि तिच्या वाट्याला याच्याही पावपटच येते. एवढ्याशा शक्तीवर यंत्राचे काम भागते, हेच खरे नवल.

पण मध्ये भिंत आली की हिशेब बिघडतो. विटांची भिंत निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ती खाते. सळयांच्या काँक्रीटची भिंत तर कितीतरी जास्त. लोखंडी कपाट तरंग परतवून लावते, पाण्याची टाकी ते शोषून घेते. म्हणून राऊटर कपाटात, कोपऱ्यात किंवा टेबलाखाली ठेवणे म्हणजे दिवा घागरीत ठेवण्यासारखे आहे. तो मधल्या खोलीत, डोक्याच्या वर उघड्यावर लावावा. नवा राऊटर घेण्याआधी जुन्याची जागा बदलून पाहावी. याला खर्च काहीच येत नाही.

आता अँटेनांविषयी. अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही, असलेल्या ऊर्जेला फक्त दिशा देते. उभ्या अँटेनेचे तरंग मेदूवड्याच्या आकारात भोवताली पसरतात. टोकाच्या दिशेला, म्हणजे थेट वर आणि खाली, ते सर्वांत क्षीण असतात. शिवाय राऊटरने कितीही मोठ्याने ओरडले, तरी मोबाइलचा क्षीण आवाज त्याला परत ऐकू यायला हवाच. म्हणून दूरच्या खोलीसाठी एक बलाढ्य राऊटर घेण्याऐवजी तिथवर तार ओढून दुसरे छोटे प्रक्षेपक यंत्र बसवणे जास्त भरवशाचे.

हवा एकच, बोलणारे अनेक

एका खोलीत दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. म्हणून एका वाहिनीवर यंत्रे आळीपाळीने बोलतात. यातून एक गंमत घडते. १० मेगाबिट माहिती पाठवायला जवळच्या संगणकाला १०० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने ०.१ सेकंद लागतो. दोन भिंतींपलीकडच्या संगणकाला ५ मेगाबिटचाच वेग मिळत असेल, तर त्याला तेवढ्याच कामाला २ सेकंद, म्हणजे वीसपट वेळ लागेल. तोवर बाकीचे थांबून! एका कोपऱ्यातला क्षीण संदेश अख्ख्या कार्यालयाला रखडवतो तो असा.

उपाय सोपा आहे. जे संगणक जागचे हलत नाहीत, त्यांना सरळ तारेने जोडा. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. हवा मग मोबाइलसाठी मोकळी राहते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे गर्दी फार. सूक्ष्मतरंग भट्टीही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. या पट्ट्यातल्या वाहिन्यांमध्ये अंतर आहे ५ मेगाहर्ट्झचे, पण प्रत्येक वाहिनी पसरते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. १, ६ आणि ११ या तिघी मात्र एकमेकींना त्रास देत नाहीत. शेजारचे दुकान ६ वर असेल, तर आपण १ किंवा ११ घ्यावी. ५ गिगाहर्ट्झला वाहिन्या जास्त आणि गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर हार मानतो. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राऊटर घ्यावा हे उत्तम.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ‘एसी १२००’ लिहिलेले असते. ही दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज आहे: ३०० अधिक ८६७. सामान्यतः एक यंत्र एका वेळी एकाच पट्ट्यावर असते आणि प्रत्यक्षात मिळणारा वेग बहुधा निम्म्याच्या आसपास राहतो. त्यातच तारेची खाच १०० मेगाबिटची असेल, तर बाहेरून त्याहून जास्त काही आत येणारच नाही. तेव्हा आकड्याऐवजी खाचा पाहाव्यात. त्या गिगाबिटच्या असाव्यात.

भरवशाची आणखी एक बाजू उष्णतेची आहे. विद्युतरासायनिक धारित्राचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणून राऊटरला हवा लागू द्यावी, त्यावर फायली रचू नयेत. अनेक राऊटरांना १२ व्होल्टची थोडीशीच वीज लागते. तेवढ्यासाठी छोटी बॅटरी जोडली, तर वीज गेल्यावर तो बंद पडत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, सुरक्षिततेचा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. कसे? त्यांचे कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द मालकांनी बदललेच नव्हते! पतसंस्थेच्या राऊटरमधून ठेवीदारांची माहिती जाते. म्हणून पहिल्याच दिवशी परवलीचा शब्द बदलावा. ‘डब्ल्यूपीए ३’, निदान ‘डब्ल्यूपीए २’ कुलूप वापरावे. आलेल्या पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. आणि विकत घेताना विचारावे: या राऊटरच्या आज्ञावलीत सुधारणा किती वर्षे मिळतील? उत्तर मिळाले नाही, तर दुसरा पाहावा.

करून पाहा

मोबाइलवर बिनतारी संदेशाची तीव्रता दाखवणारी एखादी आज्ञावली घ्या. ती डेसिबेलमध्ये ऋण संख्या दाखवते. संख्या शून्याच्या जितकी जवळ, तितका संदेश सबळ. प्रत्येक ३ डेसिबेलची घट म्हणजे शक्ती निम्मी. राऊटरपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर दहा-दहा वाचने घेऊन सरासरी काढा. अंतर दुप्पट होताना सुमारे ६ ची घट दिसते का? मग मध्ये स्टीलची परात, पाण्याने भरलेली बादली, शेवटी स्वतः उभे राहून वाचने घ्या. भिंतींवरून परतणाऱ्या तरंगांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. ते का, याचा वर्गात विचार करा. आणि ही वही घेऊन एकदा शाळेच्या कार्यालयात जा. तिथला राऊटर कोठे टांगावा, हे तुम्हीच सांगू शकाल.